गाडीतील गाणे आणि ध्वनीचे गाठोडे

आमच्या शहापूर-मुरबाड भागात गाणे ऐकण्याची हुकमी जागा म्हणजे गाडी होय. कसाऱ्याचा घाट चढणारा टेम्पो असो की माळशेजकडे निघालेली जीप असो, पेन ड्राइव्ह लावलेला असतोच. आवाज पत्र्यासारखा येऊ लागला की आपण स्पीकर बदलतो. माझ्या मते पहिली तपासणी गाण्याच्या फाइलची व्हावी.

आवाज ही हवेतील लाट आहे. तिची उंची ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत लिहिली की अंकीय ध्वनी तयार होतो. माणसाच्या कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी हवी, म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने दर सेकंदाला ४४,१०० मोजण्या, प्रत्येक मोजणी १६ बिटांची आणि वाहिन्या दोन, असे मान ठरवले. हा गुणाकार १४,११,२०० बिट होतो. या हिशेबाने पाच मिनिटांचे गाणे सुमारे ५३ मेगाबाइट जागा घेते.

हे गाठोडे लहान करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला लुगड्याची घडी घालण्याचा. २००१ साली आलेली 'फ्लॅक' ही पद्धत या प्रकारची. घडी उलगडली की लुगडे अखंड मिळते. मात्र जागा साधारण निम्मीच वाचते. दुसरा मार्ग कात्रीचा. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून पुढे आलेली 'एमपी३' मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज वगळते. ३२० किलोबिट दराने तेच गाणे १२ मेगाबाइटमध्ये मावते आणि १२८ दराने पाचाच्या आत. कमी दराला पहिला फटका बसतो तो भजनातल्या टाळांना आणि तंबोऱ्याच्या जवारीला. टाळाचा स्वच्छ ठोका विरघळल्यासारखा वाटतो.

आता गाडीचा विचार करू. इंजिन, टायर आणि वारा यांच्या घरघरीत बारीक स्वर आधीच बुडतात. त्यामुळे धावत्या गाडीत फ्लॅक आणि ३२० ची एमपी३ यांतील फरक ओळखणे फार कठीण. हा प्रयोग कोणीही करावा : मित्राने न सांगता एकच गाणे १२८, ३२० आणि फ्लॅक अशा तीन रूपांत लावावे, आधी इंजिन बंद ठेवून आणि मग रस्त्यावर. आपण फक्त ओळखायचे.

यावरून काही व्यावहारिक नियम निघतात :

१) गाडीसाठी ३२० ची एमपी३ पुरेशी आहे. १६ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हमध्ये अशी हजारावर गाणी मावतात. शिवाय अनेक जुने डेक फ्लॅक वाजवीत नाहीत.

२) १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलून काहीही लाभ नाही. आकार वाढतो, गेलेला स्वर परत येत नाही.

३) ब्लूटूथ बहुधा ध्वनी पुन्हा दाबून पाठवतो, सोय असेल तेथे तार किंवा पेन ड्राइव्ह बरा.

दुसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो गाडीपुरता नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजांची वस्ती आहे. लग्नातील, लावणीच्या वेळची गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. आपण मोबाइलवर त्यांचा आवाज टिपतो, संदेशातून एकमेकांना पाठवतो आणि मूळ फाइल जागा हवी म्हणून पुसून टाकतो. प्रत्येक वेळी दाबली गेलेली ती प्रत शेवटी उरते. सिनेमाचे गाणे बिघडले तर बाजारात दुसरे मिळेल. या गाण्याची दुसरी प्रत कोणत्याही दुकानात नाही.

म्हणून माझी सूचना अशी : असे ध्वनिमुद्रण शक्यतो न दाबलेल्या 'वेव्ह' रूपात करावे, मूळ फाइल दोन ठिकाणी जपावी आणि कात्री चालवायची ती केवळ नकलेवर. मग ती नक्कल खुशाल गाडीत न्यावी. खाचखळग्यांच्या रस्त्यावर तिचे थोडे बारकावे हरवले तरी चालेल, कारण अख्खे लुगडे घरी घडी करून ठेवलेले असेल.