जलमग्न गुहांतील गणितशिक्षक : शेक एक्सली

एक तृतीयांश म्हणजे किती, हे आमच्या शाळेतील लहान मुलगाही भाकरीचे तीन सारखे वाटे करून दाखवील. परंतु ह्याच अपूर्णांकाने भूगर्भातील पाण्यात उतरणाऱ्या अनेक माणसांचे प्राण राखले आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. तो अपूर्णांक पाणबुड्यांच्या हाडीमाशी भिनावा म्हणून ज्या गृहस्थांनी जन्मभर खटपट केली, ते शेक एक्सली पेशाने गणिताचे शिक्षक होते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात लाइव्ह ओक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील हायस्कुलात ते मुलांस गणित शिकवीत आणि सुटीच्या दिवशी जमिनीखालील नद्यांत उतरत.

एक्सली ह्यांचा जन्म 1949 सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस त्याच राज्यातील जॅक्सनव्हिल शहरी झाला. सोळाव्या वर्षी ते पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारावयास शिकले, आणि लवकरच त्यांस गुहांचा जो नाद लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षी गुहांतील त्यांच्या बुड्यांची संख्या हजारावर गेली. इतक्या बुड्यांची नोंद त्यापूर्वी कोणाच्याही नावावर नव्हती.

ह्या गुहा कशा झाल्या, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. फ्लॉरिडाची भूमी चुनखडीची आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात घेते व किंचित अम्ल बनते. असे पाणी लक्षावधी वर्षे त्या दगडास विरघळवीत राहिल्याने भूगर्भात बोगदे पडले आहेत, आणि ते पाण्याने तुडुंब भरलेले आहेत. झऱ्याच्या तोंडाशी पाहावे तर पाणी काचेसारखे स्वच्छ! त्या स्वच्छतेनेच माणूस फसतो. तळाशी मऊ गाळ साठलेला असतो. पायाचा एक फटकारा बसला, की तो गाळ उसळून हातातील दिवाही दिसेनासा होतो. विहिरीत सूर मारणाऱ्या मुलाचा दम संपत आला तर तो सरळ वर येतो. येथे वर दगडाचे छत असते. ज्या वाटेने आत जावे त्याच वाटेने परतावे लागते, आणि ती वाट अंधारात सापडली पाहिजे.

त्या काळी फ्लॉरिडाच्या गुहांत तरुण माणसे वरचेवर मरत. मरणारे काही अडाणी नसत. चांगले पोहणारे, किंबहुना समुद्रात बुडी मारण्याचे शिक्षण देणारेही त्यांत होते. त्यांचे देह बाहेर काढण्याच्या कामी एक्सली अनेकदा गेले. अशा प्रसंगी सामान्य मनुष्य हळहळतो आणि घरी जातो. एक्सली ह्यांनी प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. दोरी होती काय? टाकीत हवा किती उरली होती? खोली किती होती? ही टिपणे ताडून पाहता त्यांस असे आढळले, की मृत्यू नानाविध दिसले तरी कारणे फार थोडी आहेत. बाहेरपर्यंत अखंड दोरी ठेवली नाही. परतीसाठी पुरेशी हवा राखली नाही. फार खोल गेले. 1979 साली त्यांनी गुहेतील बुडीच्या मूलतत्त्वांवर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात खऱ्या अपघाताची हकिगत सांगून मग तिच्यातून नियम काढून दाखविला आहे. आमच्या मते जगातील सर्व विक्रमांपेक्षा हे पुस्तक मोठे आहे.

आता तो तृतीयांश. नियम असा, की एकतृतीयांश हवा संपताच मागे फिरावे. दुसरा तृतीयांश परतीचा, तिसरा राखीव. विद्यार्थी विचारील, निम्मी जाण्यास व निम्मी येण्यास, असे का नको? हिशेब करून पाहा. दोन सोबत्यांजवळ प्रत्येकी 3000 लिटर हवा आहे. निम्मी संपेपर्यंत दोघे आत गेले, आणि तेथे एकाची टाकी निकामी झाली. दुसऱ्याजवळ उरले 1500 लिटर. परतीस दोघांना मिळून लागणार 3000. दोघेही अर्ध्या वाटेत मरतील. उलट 1000 लिटर संपताच ते वळले असते, तर एकाजवळच्या 2000 लिटरमध्ये दोघे बाहेर येतात. हिशेब बरोबर सुटतो, पण शिल्लक शून्य राहते! भ्यालेला मनुष्य अधिक हवा ओढतो, तेव्हा एक तृतीयांश हा राखीव साठाही उदार म्हणता येत नाही. सोबत्यास हवा देता यावी म्हणून जवळ दुसरे मुखयंत्र लांब नळीवर बाळगण्याचा प्रघातही मुख्यतः एक्सली ह्यांच्यामुळे रूढ झाला. अरुंद जागेत दोघांस एकामागून एक जाता येते ते ह्या नळीमुळेच.

असा सावध पुरुष स्वतः मात्र खोलीच्या मोहातून सुटला नाही. साधी हवा खोल पाण्यात मद्यासारखी चढते. तीतील नायट्रोजन बुद्धी मंद करतो आणि ते त्या माणसास कळतही नाही. 1971 साली बहामा बेटांजवळ खोलीचा विक्रम करावयास गेलेल्यांच्या रक्षणार्थ एक्सली पाण्यात होते. त्यांस वाचविण्यासाठी ते साडेचारशे फुटांहून खाली गेले, पण निरुपाय होऊन परतले. त्या मंडळींपैकी दोघे वर आलीच नाहीत. पुढे एक्सली हेलियममिश्रित वायू वापरू लागले. 1988 साली मेक्सिकोतील मांते नदीच्या उगमात ते 780 फूट उतरले. उतरणे काही मिनिटांचे. वर येण्यास मात्र कित्येक तास, कारण सोडावॉटरची बाटली एकदम उघडल्याप्रमाणे रक्तात बुडबुडे धरू नयेत म्हणून टप्प्याटप्प्याने थांबावे लागते. गुहेत आडवे अंतर कापण्यातही ते दहा हजार फुटांपलीकडे गेले. 1993 साली दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्सगाट येथे अतिदाबाने त्यांचे अंग थरथरू लागले होते व दृष्टी बिघडली होती. ही सूचना पुरेशी होती, असे आम्हांस वाटते.

मेक्सिकोच्या तामाउलिपास प्रांतात साकातोन नावाचा एक प्रचंड डोह आहे. त्यावर गवताची बेटे तरंगतात, आणि गवतावरूनच त्याचे नाव पडले. 1994 सालच्या एप्रिलच्या सहाव्या तारखेस एक्सली व जिम बाउडन हे दोघे, 1000 फूट गाठण्याच्या इराद्याने, वेगवेगळ्या दोऱ्यांनी त्यात उतरले. आपला वायू अपेक्षेहून लवकर संपत आहे असे पाहून बाउडन 925 फुटांवरून फिरले व वाचले. एक्सलींच्या दोरीजवळचे बुडबुडे येईनासे झाले. तीन दिवसांनी ती दोरी वर ओढली तेव्हा तिच्यात गुंतलेला त्यांचा देह आला. पंचेचाळिसावा वाढदिवस होऊन पाचच दिवस झाले होते.

सामान्य पाणबुड्यासाठी स्वतःच्या पुस्तकात 130 फुटांची मर्यादा घालणारा शिक्षक सुमारे 900 फुटांवर मरण पावला, हे ऐकून कोणी म्हणेल की त्याचे पुस्तक खोटे ठरले. आम्हांस तसे वाटत नाही. दोरी, हवा आणि खोली ह्यांविषयीचे त्याचे म्हणणे आजही गुहेत उतरणाऱ्या प्रत्येकास शिकविले जाते. आणि खोलीविषयीच्या नियमास तर त्याच्याच मृत्यूची साक्ष मिळाली. 2007 साली एका स्वयंचलित यंत्राने साकातोनचे पाणी मोजले. तळ 319 मीटरांवर, म्हणजे त्या दोघांच्या 1000 फुटांच्या खुणेपासून अवघा 14 मीटर खाली निघाला.

एक्सली ह्यांचा देह वर आल्यावर सहकाऱ्यांनी रडणे आवरून टाक्यांतील उरलेला वायू, मापकावरील आकडा व दोरीचे वेढे तपासले. अतिदाबाचा झटका आला, की नायट्रोजनाने भूल पडली, की वायू संपला, ह्याविषयी अनेक तर्क झाले. निश्चित कारण मात्र ठरले नाही.