व्हिडिओ थांबवा, पट मांडा

पालकहो,

मूल वर्षभर बुद्धिबळ खेळलं, दोन-चार स्पर्धांत उतरलं, की तुमच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : “सर, ओपनिंगसाठी कुठल्या ग्रँडमास्टरचा व्हिडिओ कोर्स घेऊ?” त्यामागची तुमची कळकळ मला कळते. म्हणूनच आज मोकळेपणाने सांगतो, कोर्स कुठला हा प्रश्न दुय्यम आहे. मूल तो कसा बघतं, यावर सगळं अवलंबून आहे. आणि तिथे तुमची मदत लागते, तुम्हाला स्वतःला बुद्धिबळ येत नसलं तरीही.

व्हिडिओंना नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. एक काळ असा होता, की बेलग्रेडहून १९६६ पासून निघणारा ‘चेस इन्फॉर्मंट’ हाती पडला तर खेळाडूला ठेवा सापडल्यासारखं वाटे. त्यात नुसत्या चाली आणि खुणा. चाल का केली, हे ज्याचं त्याने डोकं लावून शोधायचं. आपले प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, भारताचे तिसरे. त्या पिढीच्या हाताशी असा घरबसल्या समजावून सांगणारा ग्रँडमास्टर नव्हता. आज तालुक्याच्या गावातली दहा वर्षांची मुलगी मोबाइल उघडते आणि जगातला अव्वल खेळाडू तिला स्वतःच्या तोंडाने सांगतो, ‘इथे मी असा विचार करतो.’ केवढं मोठं भाग्य आहे हे! ते वाया जाऊ नये, एवढीच माझी धडपड.

वाया कसं जातं? मूल सोफ्यावर पाय पसरून बसतं, हातात मोबाइल, व्हिडिओचा वेग वाढवलेला. पडद्यावर हिरवे-लाल बाण उमटतात, मोहरी सरकतात, ग्रँडमास्टर पटापट बोलत जातो आणि मूल मान डोलावतं. सगळं पटतं. पटणारच, कारण सांगणारा जाणकार आहे आणि उत्तर आधीच समोर आहे. पण दुसऱ्याने सांगितलेलं पटणं आणि घड्याळ चालू असताना पटावर आपलं आपल्याला सुचणं यांत फार अंतर आहे. शिवाय ग्रँडमास्टरला ज्या गोष्टी उघड वाटतात त्या तो बोलतच नाही, आणि आपल्या मुलाला नेमक्या त्याच हव्या असतात.

एक उदाहरण पटावर मांडूनच बघा. मुलालाही सोबत घ्या.

राजापुढची प्यादी दोन्हीकडून दोन-दोन घरं पुढे येतात. पांढऱ्याचा घोडा एफ-३ वर, काळ्याचा सी-६ वर. पांढऱ्याचा उंट सी-४ वर, काळ्याचा दुसरा घोडा एफ-६ वर. हा झाला टू नाईट्स बचाव. आता पांढरा चौथ्या चालीला घोडा जी-५ वर उडी मारून नेतो. उंट आणि घोडा दोघांचाही रोख एफ-७ वर, जिथलं प्यादं एकट्या राजाच्या भरवशावर उभं असतं. काळा डी-५ ला प्यादं पुढे करून उंटाची वाट अडवतो आणि पांढरा ते प्यादं मारतो. इथे मुलाचा हात आपसूक एफ-६ च्या घोड्याकडे जातो, मारलेल्या प्याद्याची परतफेड करायला. पण तसं केलं तर पांढरा एफ-७ वर घोड्याचा बळी देतो, राजाने घोडा मारला की वजीर एफ-३ वर येऊन शह देतो, आणि डी-५ चा घोडा वाचवण्यासाठी काळ्या राजाला पटाच्या मध्यावर, ई-६ वर, उघड्यावर यावं लागतं. म्हणून ग्रँडमास्टर सांगतो : पाचव्या चालीला सी-६ चा घोडा ए-५ वर न्या.

मुलगी वहीत लिहून घेते, ‘पाचवी चाल, घोडा ए-५’. पुढच्या रविवारी स्पर्धेत प्रतिस्पर्धी जी-५ ला घोडा नेतच नाही. तो चौथ्या चालीला डी-३ असं साधं प्यादं सरकवतो. मुलीला सी-४ वर उंट दिसतो, पाठ केलेली चाल आठवते आणि ती झटक्यात घोडा ए-५ वर नेते. त्याबरोबर ई-५ च्या प्याद्याची राखण सुटते. एफ-३ वरचा पांढरा घोडा ते प्यादं उचलतो आणि तिथून पुन्हा उंट-घोडा दोघांचा डोळा एफ-७ वर. तीच चाल, तोच घोडा, तेच घर, पण या वेळी ती अंगाशी आली.

का? मूळ डावात ए-५ ला जाण्यामागे तीन कारणं होती. डी-५ वर आलेलं पांढरं प्यादं सी-६ च्या घोड्यावर चालून आलं होतं, त्यामुळे त्याला हलणं भागच होतं. हलता हलता तो उंटावर हल्ला करत होता. आणि पांढऱ्याचा घोडा जी-५ वर गेलेला असल्याने ई-५ च्या प्याद्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. डी-३ च्या डावात यातलं पहिलं आणि तिसरं कारण उरलंच नव्हतं. मुलीने चाल पाठ केली होती, कारणं केली नव्हती. खरं तर व्हिडिओत ही कारणं असतातही, पण वेगाने निघून जातात. एखादं कारण ‘अर्थातच’ या शब्दात गुंडाळलेलं असतं.

म्हणून माझी विनंती अशी. व्हिडिओ लागला की समोर खरा पट मांडायचा, लाकडी असो की गुंडाळी करून ठेवायचा रेक्झिनचा. प्रत्येक चाल हाताने करायची. ग्रँडमास्टर पुढची चाल सांगण्याआधी व्हिडिओ थांबवायचा आणि मुलाने आपली चाल सांगायची, कारणासकट. मग व्हिडिओ पुढे न्यायचा. चाल जुळली तर आनंदच. नाही जुळली, तर ‘माझी का नको?’ हे पटावर शोधायचं. अशा रीतीने पंधरा मिनिटांच्या व्हिडिओला तास लागतो. लागू द्या. त्या तासात जे शिकून होतं, ते नुसत्या बघण्याने कधीच होत नाही.

यात तुमचं काम काय? शेजारी बसून तीनच प्रश्न विचारा. समोरच्याने आत्ता केलेल्या चालीत धमकी काय आहे? तुझं हे मोहरं त्या घरात जाऊन काय काम करणार? आणि समोरच्याने व्हिडिओतली चाल केलीच नाही तर तू काय खेळशील? उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हाला कळायची गरज नाही. मूल अडखळलं, की त्याला स्वतःलाच कळतं आपल्याला काय उमगलेलं नाही ते. बरेचसे कोर्स इंग्रजीत असतात. त्यामुळे रात्री जेवताना ‘आज काय शिकलीस ते आपल्या भाषेत सांग बघू’ असंही म्हणा. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणता येत नाही, तेव्हा ते समजून घ्यावंच लागतं.

किती ओपनिंग शिकावीत, हेही सांगतो. पांढऱ्याकडून एक, काळ्याकडून राजाच्या प्याद्याला एक उत्तर आणि वजिराच्या प्याद्याला एक. सुरुवातीच्या वर्षांत एवढं पुष्कळ झालं. मधल्या घरांवर ताबा ठेवणं, घोडे-उंट लवकर बाहेर काढणं, वेळेवर किल्लेकोट करणं, विनाकारण एकाच मोहऱ्याने दोनदा न चालणं : ही तत्त्वं मुरली, की अनोळखी चालीसमोरही मूल गांगरत नाही. उरलेला वेळ डावपेचांची कोडी आणि अंतिम टप्प्याचे डाव यांना द्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हंपीविरुद्धचा तो अंतिम सामना टायब्रेकरपर्यंत गेला, आणि निर्णायक डावाचा निकाल लागला तो शेवटच्या टप्प्यात, मोजकी मोहरी उरलेली असताना. पाठांतर तिथवर सोबत करत नाही.

जाणत्या खेळाडूंनाही पाठांतराचा हा धोका दिसत आला आहे. ओपनिंगच्या घोकंपट्टीला कंटाळूनच बॉबी फिशरने १९९६ मध्ये मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडायचा खेळ पुढे आणला. त्यात ९६० वेगवेगळ्या मांडण्या होऊ शकतात, पाठ कुठली करणार? डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी जडणघडणीच्या वर्षांत संगणकाच्या इंजिनापासून जाणीवपूर्वक लांब ठेवलं होतं. स्थिती बघून आपलं मत आपण बनवायला शिकावं, हा त्यामागचा हेतू. घरच्या इंजिनाबाबत एवढं पथ्य पाळा : आधी मुलाचं मत, मग इंजिनाचा आकडा.

शेवटचं सांगणं जरा नाजूक आहे. मूल हरून हॉलबाहेर येतं, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न ‘ओपनिंग विसरलास का?’ असा असतो. त्यातून मुलाला एकच कळतं, की आपण आठवायला कमी पडलो. मग ते आणखी पाठ करतं, किंवा तुम्ही आणखी एक कोर्स विकत घेता. त्याऐवजी त्याला पाणी द्या, खाऊ द्या. घरी गेल्यावर चाली लिहिलेला कागद पटाशेजारी ठेवा आणि विचारा, ‘शिकलेलं कितव्या चालीला संपलं आणि तिथून पुढे तू काय विचार केलास?’

शिकलेलं प्रत्येक डावात कुठे ना कुठे संपतंच. माझ्या मते तिथूनच मुलाचं खरं बुद्धिबळ सुरू होतं. त्या पहिल्या स्वतंत्र चालीचं, ती चुकली असली तरी, घरात मनापासून कौतुक होऊ द्या. नव्या कोर्सचे पैसे भरण्याआधी हातातल्या एका व्हिडिओतले सगळे ‘का’ मुलाकडून ऐका.