काडतुसाची निवड

रायफल म्हटली की तिची नळी, दस्ता आणि चाप डोळ्यांसमोर येतात. आत जाणाऱ्या बोटभर लांबीच्या काडतुसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः काडतूस आधी ठरते आणि रायफल त्याच्या मापाने घडविली जाते. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी हे काडतुसाचे चार भाग होत. त्याचे माप बदलले की नळी बदलावी लागते, मशीनगनचे पट्टे बदलावे लागतात, कारखान्यांतील साचे मोडावे लागतात आणि कोठारांत रचून ठेवलेल्या मालाचे काय करावे हा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच सैन्याने नवे काडतूस घ्यावे की नाही हा वाद कधीच केवळ नेमबाजांचा राहत नाही. अमेरिकेच्या सैन्यात १९३२ साली निकालात निघालेला असा एक वाद या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

त्या सैन्याजवळ १९०६ पासून ०·३० इंच व्यासाच्या गोळीचे एक जोरकस काडतूस होते. परंतु त्याची रायफल प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढून भरावी लागे. पहिल्या महायुद्धानंतर आपोआप भरणारी रायफल हवी अशी मागणी वाढली आणि स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्यात जॉन गॅरंड व जॉन पेडरसन हे दोन कल्पक कारागीर त्या कामास लागले. पेडरसनचे म्हणणे असे की, इतक्या जोराचे काडतूस घेऊन हलकी, सुटसुटीत आपोआप भरणारी रायफल करता येणार नाही. प्रथम काडतूसच लहान केले पाहिजे. त्याप्रमाणे त्याने ०·२७६ इंची काडतूस तयार केले. गॅरंडनेही आपली रायफल त्याच मापाची केली.

काडतूस थोडे लहान केल्याने काय साधते? सोयीसाठी गोल आकडे घेऊ. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली, तर तिची गतिज ऊर्जा ३,२०० जूल होते. गोळी पुढे जाते तशी रायफल मागे येते. दारूच्या वायूंचा हिशेब बाजूला ठेवला, तर ४ किलोग्रॅमची रायफल सेकंदाला २ मीटर वेगाने खांद्यावर आदळेल व त्या आदळण्याची ऊर्जा ८ जूल असेल. आता त्याच वेगाची ८ ग्रॅमची गोळी घ्या. तिची ऊर्जा २,५६० जूल, म्हणजे एक-पंचमांशाने कमी. परंतु रायफलच्या आघाताची ऊर्जा ५·१२ जूलवर येते, म्हणजे एक-तृतीयांशाहूनही अधिक घटते. लक्ष्याच्या बाजूने गमावले थोडे आणि खांद्याच्या बाजूने कमावले पुष्कळ, असा हा व्यवहार आहे. (शास्त्रीय भाषेत या आघाताला प्रत्याघात म्हणता येईल, ज्याच्या खांद्याला तो बसतो त्याला ‘दणका’ हाच शब्द पटेल.) शिवाय तेवढ्याच वजनात सैनिकाला अधिक काडतुसे बाळगता येतात.

राहिली शंका एकच: बारीक गोळी शत्रूला पुरेशी जायबंदी करील काय? या प्रश्नाच्या उत्तरासाठी १९२८ साली मेरीलँडमधील ॲबर्डीन येथे डुकरांना गुंगीचे औषध देऊन त्यांच्यावर ०·२५६, ०·२७६ व ०·३० इंची गोळ्या झाडण्यात आल्या. प्रयोग ऐकायलाही नकोसा आहे, पण त्याचा निष्कर्ष मात्र अनपेक्षित निघाला. जवळच्या अंतरावर सर्वांत भयंकर जखमा सर्वांत बारीक गोळीने केल्या! याचे कारण असे की, नळीतील पेचदार खाचांमुळे गोळी भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरते आणि म्हणून हवेत सरळ जाते. मांस हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. तेथे तो फिरकीचा तोल पुरत नाही. लांबट, हलकी गोळी लवकर आडवी होते आणि आपली ऊर्जा शरीरातच टाकते; जड गोळी पुष्कळदा सरळ आरपार निघून जाते. तज्ज्ञमंडळाने ०·२७६ इंची काडतुसाची शिफारस केली. १९३० मध्ये शेळ्यांवरही अशाच परीक्षा झाल्या. शेवटी जानेवारी १९३२ मध्ये त्या काडतुसाची गॅरंडची रायफल स्वीकारावी, असे रायफल-मंडळाने सुचविले.

पुढच्याच महिन्यात सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ही शिफारस फेटाळली. त्यांची दृष्टी कोठारावर होती. महायुद्धातून उरलेला ०·३० इंची काडतुसांचा साठा पडून होता, आर्थिक मंदीमुळे तिजोरीत खडखडाट होता, आणि मशीनगन तर जुनेच काडतूस वापरणार होत्या. एकाच पलटणीला दोन प्रकारची काडतुसे पुरवायची आणि तीही ऐन लढाईत, म्हणजे गोंधळाला निमंत्रण. गॅरंडने आपली रायफल पुन्हा ०·३० इंचाला जुळविली आणि १९३६ मध्ये ती स्वीकारली गेली. पूर्वीच्या नमुन्यात एका वेळी १० काडतुसे बसत. नव्यात ८ बसू लागली.

मॅकआर्थर यांचा निर्णय अडाणीपणाचा होता असे मानणे अन्यायाचे होईल. प्रयोगाने गोळीविषयी विचारले होते. त्यांनी उत्तर दिले ते पुरवठ्याविषयी. तरीही त्यांच्या युक्तिवादात एक उणीव राहते असे मला वाटते. साठा काही वर्षांत संपतो. त्याच्या आधारे ठरविलेले माप मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि सैनिक त्याचे ओझे रोज वाहतो. दुसऱ्या महायुद्धात ही रायफल उत्तम ठरली, हेही तितकेच खरे.

वाद तेथे मिटला नाही. १९५१ मध्ये ब्रिटनने सुमारे ७ मिलिमीटरचे काडतूस मंजूर केले. परंतु अमेरिकेचा आग्रह आणि मित्रराष्ट्रांचे एकच माप असावे ही निकड यांपुढे ते मागे पडले व ७·६२ मिमीचे काडतूस सर्वमान्य झाले. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनेच ५·५६ मिमीची बारीक गोळी उचलली. २०२२ मध्ये तिच्या भूसेनेने पुन्हा मोठ्या, ६·८ मिमीच्या काडतुसाची निवड केली. कारण आता शत्रूच्या अंगावर चिलखत असते.

आपल्या देशातही हा प्रश्न अनोळखी नाही. ०·३०३ इंचानंतर ७·६२ मिमी आणि १९९० नंतरच्या दशकात ५·५६ मिमी असा भारतीय पायदळाचा प्रवास झाला. २०१९ पासून ७·६२ मिमीच्या रायफली पुन्हा घेतल्या जात आहेत, आणि त्याही दोन जातींच्या. एकीच्या काडतुसाची पुंगळी ५१ मिमी लांब, दुसरीची ३९ मिमी. गोळीच्या व्यासाचे नाव एकच असले, तरी एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही. त्यामुळे पेटी उघडण्यापूर्वी कोठारावरील माणसाला तिच्यावरचे दोन्ही आकडे वाचावे लागतात.