नळदुर्ग : बोरीच्या काठावरचा एक दिवस

१. नळदुर्गला कधी जायचं, ते बोरी नदीला विचारावं. वरचं धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं, की किल्ल्यातले 'नर' आणि 'मादी' हे दोन धबधबे कोसळू लागतात. सोलापूरपासून रस्ता जेमतेम तासाभराचा, त्यामुळे तेव्हा गर्दी लोटते. उन्हाळ्यात पाणी नसतं, पण किल्ल्यातल्या बंधाऱ्याचा चिरा न् चिरा दिसतो. मला ते दिवसही आवडतात.

२. पाणी महाल फोटोतून कळत नाही. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३मध्ये, तो बंधाऱ्याच्या पोटात बांधला गेला. जिना उतरत आत जायचं. डोक्यावरून नदी वाहते, खिडकीसमोरून खाली झेपावते आणि आपण कोरडे उभे असतो. शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही. चारशे पावसाळे पुराचा मार सोसेल असा बंधारा घालणं हेच केवढं काम! त्यात कुणाला तरी वाटलं, की हे पाणी बसून बघता आलं पाहिजे. त्यासाठी भिंतीची जाडी, पाण्याच्या वाटा, खिडकीची जागा, सगळ्याचा हिशेब मांडला गेला. चिरे घडवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. मी त्या खिडकीपाशी दरवेळी त्यांचाच विचार करते.

३. हा बंधारा केवळ हौसेचा नाही, हे बाहेरून चालल्यावर उमगलं. काळ्या खडकाचं पठार बोरीच्या घळीत शिरलंय, त्याच्यावर किल्ला आहे. पठार जमिनीला जोडलेलं आहे त्या बाजूला खंदक खोदला. नदी अडवली आणि शिबंदीच्या पाण्याची सोय झाली. पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्लाही याच बंधाऱ्याने जोडला गेला. संरक्षण, पाणी, वाट आणि विसावा, सगळं एकाच बांधकामात.

४. उपळी बुरुजावर चढावंच. वरच्या लांबलचक तोफा बघाव्यात, पण त्याआधी नदीचं वळण बघावं.

५. किल्ल्यातली पडकी घरं पूर्वी मी न थांबता ओलांडायची. मग कळलं, की १८५३मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवल्यावर जिल्ह्याचा कारभार पाहायला मेडोज टेलर इथेच राहिला होता; ठगांवरची गाजलेली कादंबरी लिहिणारा तोच टेलर. तेव्हापासून त्या भिंतींपाशीही रेंगाळते. लढाया सोडून किल्ल्यात कज्जे, वसुली, अर्जफाटेही चालत, हे आपण फार लवकर विसरतो.

६. मैलारपूरच्या खंडोबाला गेल्याशिवाय नळदुर्ग पुरं होत नाही. हा देव वर्षातला काही काळ इथे, बाकीचा अणदूरला असतो. दोन्ही गावांनी तो वाटून घेतलाय आणि पाळीही पाळलीय. पौष पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत किल्ला नीट बघणं होत नाही, म्हणून यात्रेसाठी वेगळा दिवस काढावा.