कुत्रा चावला तर : उपचाराचा कागद हाच भरपाईचा पुरावा

आपल्या वस्तीत कुत्रा चावला की बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. जखमेला हळद-चुना लागतो, आणि कुत्रा पाळलेला असेल तर मालकाकडून पाचशे-हजार रुपये घेऊन प्रकरण मिटते. कुत्रा मोकाट असेल तर तेवढेही हाती येत नाही. पुढे इंजेक्शनासाठी चार-पाच वेळा दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे लागते. प्रत्येक वेळी कामाचा खाडा, रिक्षाचे भाडे, आणि जखम चिघळली तर बाहेरच्या मेडिकलचा खर्च. हा सगळा भार त्या घराने एकट्यानेच सोसावा, असे कायदा म्हणत नाही.

भरपाईची गोष्ट आम्ही आरोग्याच्या पानावर मुद्दाम मांडत आहोत. चाव्याच्या बाबतीत उपचाराचा कागद आणि हक्काचा कागद एकच असतो. ज्याने उपचार पूर्ण घेतले आणि कागद जपले, त्याचाच दावा उभा राहतो.

पहिला तास जिवाचा

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा आजार टळतो. म्हणून सगळ्यात आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. नळाला पाणी नसेल तर तांब्याने पाणी ओतत राहावे. तिखट, चुना, हळद, तेल, तंबाखू यांतले काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. मग त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जावे. तिथे लस मोफत मिळते.

आता पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागत नाहीत. लस दंडात देतात. पहिल्या डोसच्या दिवसाला ० दिवस धरतात. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. स्नायूत द्यायची असेल तर १४ व्या दिवशी आणखी एक डोस असतो. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हे दुसरे औषध जखमेतच द्यावे लागते. त्या दवाखान्यात ते नसेल तर कुठे मिळेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि लगेच तिकडे जावे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हे मूल, सगळ्यांना लस घेता येते. मुले मार बसेल या भीतीने चावा लपवतात. म्हणून त्यांना रागावू नये, विचारावे.

जखम सुकली म्हणून तिसरा-चौथा डोस सोडून देणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. त्यात जिवाला धोका आहेच. शिवाय पुढे दाव्यात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की उपचार अर्धवट का सोडले?

केसपेपरवर काय लिहून घ्यावे

डॉक्टरांना नम्रपणे सांगावे की आम्हाला भरपाईसाठी अर्ज करायचा आहे. मग पुढील नोंदी मागाव्यात : चावा कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे झाला, शरीराच्या कोणत्या भागावर, दातांच्या खुणा किती, जखमेची लांबी किती, मांस निघाले आहे का, कुत्रा पाळीव की मोकाट.

दातांच्या खुणा मोजायला सांगण्यामागे कारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने कुत्र्याच्या चाव्यासाठी भरपाईचा दर ठरवून दिला. दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटीमीटरला किमान २०,००० रुपये. भरपाई देण्याची पहिली जबाबदारी सरकारची, असेही त्या न्यायालयाने सांगितले. हा निकाल पंजाब, हरियाणा आणि चंदीगडपुरता आहे. महाराष्ट्रातील न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. पण आपला वकील तो आधार म्हणून मांडू शकतो. खुणांची नोंदच नसेल तर मांडणार काय?

पहिल्याच दिवशी, मलमपट्टीच्या आधी, मोबाईलवर जखमेचे फोटो काढावेत. केसपेपर, लसीचे कार्ड, औषधांची बिले, रिक्षाचे भाडे, बुडालेली मजुरी हे सगळे एका पिशवीत ठेवावे. मजुरीचा कागद नसतो, म्हणून मुकादमाकडून किंवा मालकिणीकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात. मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी आईचा दिवस बुडाला, तर तोही धरावा.

कुत्रा पाळीव असेल तर

बंगल्याचा कुत्रा, गोदामाचा राखणदार कुत्रा, सोसायटीतल्या फ्लॅटमधला कुत्रा, या सगळ्यांची जबाबदारी मालकावर आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हा दखलपात्र गुन्हा आहे. पोलिसांनी एफ.आय.आर. नोंदवून त्याची प्रत फुकट द्यायची असते. त्यांनी टाळले तर तीच तक्रार पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवावी.

गुन्ह्याची शिक्षा वेगळी आणि नुकसानभरपाई वेगळी. भरपाईसाठी मालकावर दिवाणी दावा करता येतो.

घरकाम करणाऱ्या आपल्या बहिणींना भीती असते की तक्रार केली तर काम जाईल. त्यांनी आधी पोलिसांकडेच जायला हवे असे नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा लावण्यापूर्वीच समेटासाठी अर्ज करता येतो. मालकाला तिथे बोलावून लेखी तडजोड होते.

मालक स्वतःहून पैसे देत असेल तर घ्यावेत. पण "उपचाराच्या खर्चापोटी आगाऊ मिळाले" एवढेच लिहून द्यावे. "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर शेवटचा डोस होईपर्यंत सही किंवा अंगठा देऊ नये. कुत्रा मुद्दाम अंगावर सोडला असेल तर तो निष्काळजीपणा राहत नाही, तो मोठा गुन्हा होतो. त्यातच चारचौघांत जातीवरून अपमान केला असेल तर ॲट्रॉसिटी कायदाही लागतो. घडले असेल ते सगळे तक्रारीत सांगावे, घडले नसेल ते घालू नये.

कुत्रा मोकाट असेल तर

मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणे हे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम आहे. ते काम झाले नाही, कचरा उचलला गेला नाही, तक्रारी देऊनही कोणी फिरकले नाही, आणि त्यामुळे चावा झाला, तर तो पालिकेचा हलगर्जीपणा म्हणून मांडता येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरील खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. तो निकाल खड्ड्यांचा आहे, कुत्र्यांचा नाही. पण पालिकेच्या हलगर्जीपणाची किंमत नागरिकाने मोजू नये, हे तत्त्व आपल्याच उच्च न्यायालयाने मान्य केले आहे.

इथे मुदत फार महत्त्वाची. महापालिकेच्या कामातील हयगयीबद्दल दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो (महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम ४८७, मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमाचे कलम ५२७). म्हणून "बघू नंतर" म्हणू नये. पहिल्या महिन्यातच वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा.

अर्ज असा लिहावा :

"मा. सहायक आयुक्त यांस. मी अमुक वस्तीत राहतो/राहते. दिनांक अमुक रोजी सकाळी अमुक वाजता सार्वजनिक शौचालयाजवळ मोकाट कुत्र्याने माझ्या मुलाला चावा घेतला. जखमा व उपचार यांची नोंद सोबतच्या केसपेपरमध्ये आहे. या ठिकाणच्या कुत्र्यांबद्दल यापूर्वी अमुक तारखेला तक्रार दिली होती. उपचार, प्रवास व बुडालेली मजुरी मिळून आजवर अमुक रुपये खर्च झाला आहे. तो खर्च आणि दुखापतीची योग्य भरपाई मिळावी, तसेच कुत्र्यांचे लसीकरण व नसबंदी करावी, ही विनंती."

सफाई कामगार, घंटागाडीवरचे कामगार यांना कामावर असताना चावा झाला तर ती कामावरची दुखापत आहे. त्यांनी कंत्राटदाराला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि ई.एस.आय. कार्ड असेल तर तिथेही नोंद करावी.

वकिलाला पैसे कुठून आणायचे?

आणायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अटही नाही. कोर्ट फीचा खर्चही प्राधिकरण करते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे हक्क मिळतात, म्हणून जातीचा दाखला सोबत न्यावा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

वस्तीने मिळून करायचे काम

एका घराची तक्रार फाईलमध्ये पडून राहते. दहा घरांच्या नोंदी पुरावा होतात. महिला मंडळाने किंवा तरुण मंडळाने एक वही घालावी : तारीख, जागा, कोणाला चावा झाला, लस कुठे घेतली. दर महिन्याला त्याची प्रत वॉर्ड ऑफिसला द्यावी. या भागात किती कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झाले, हे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारावे. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ही फी नाही. उद्या कोणाचा दावा उभा राहिला तर पालिकेला आधीच माहिती होती, हे याच कागदांवरून दिसेल.

एक गोष्ट मात्र करू नये. रागाच्या भरात कुत्र्यांना विष घालणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. त्यात आपलीच मुले आरोपी होतात आणि मूळ तक्रार मागे पडते. घरात आज कोणाला चावा झाला असेल तर लसीचे कार्ड काढून पुढच्या डोसची तारीख पाहावी. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी दवाखाना चुकवू नये, आणि ती बुडालेली मजुरी वहीत लिहून ठेवावी.