बिनतारी प्रेषकाची पहिली उसळी

हौशी बिनतारीचा नाद ज्यांस लागला आहे, त्यांपैकीं पुष्कळांची अशी समजूत असते कीं, प्रेषकावरील शक्तीचें बटण २० वॅटवर फिरविलें म्हणजे यंत्रांतून २० वॅटच बाहेर पडणार. बहुतेक वेळ तें खरेंही असतें. परंतु बोलणाऱ्यानें पहिला शब्द उच्चारतांच, डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं, कित्येक यंत्रें आपली पुरी १०० वॅट शक्ति बाहेर टाकतात आणि मग मुकाट्यानें २० वर येतात. असें कां होतें, याचा येथें विचार करूं.

आज बेलपाड्यास खारघरच्या उंच इमारतींनीं वेढलें आहे. तथापि पनवेल-उरणकडील खारजमिनींचे बांध व त्यांतील उघाड्या वाचकांनीं पाहिल्या असतील, निदान घरांतील वडील मंडळींकडून त्यांविषयीं ऐकिलें असेल. ओहोटीस शेतांतलें पाणी बाहेर जावें व भरतीचें खारें पाणी आंत येऊं नये, म्हणून उघाडीस झडप बसवितात. ही झडप लावावयास तेथें कोणी उभा नसतो; भरतीचें पाणीच तिला लोटून बंद करितें. अर्थात् ती पुरती मिटण्यापूर्वीं थोडें खारें पाणी आंत शिरावयाचेंच. पाणी आल्यावांचून तिला लोटणार कोण?

प्रेषकांतील पातळी आपोआप राखणारी योजना याच जातीची आहे. बाहेर जाणाऱ्या शक्तीचा अल्प अंश काढून घेऊन त्याचा एकदिश दाब बनवितात, व तो दाब मागें आधींच्या टप्प्यांकडे पाठवून तेथील वर्धन कमी करितात. शक्ति वाढली कीं दाब वाढतो, दाब वाढला कीं वर्धन घटतें. परंतु आरंभीं शक्तीच नसते, म्हणून दाबही नसतो, आणि सर्व टप्पे सताड उघडे असतात! शिवाय दाब सांठविणारा कंडेन्सर भरावयास वेळ लागतो. आवाजाच्या लहरीस स्फटिकाच्या गाळणींतून पार व्हावयासही वेळ लागतो. अशा रीतीनें सेकंदाचे कांहीं सहस्रांश निघून जातात व तेवढ्यांत उसळी होऊन जाते. कंडेन्सर अगदीं लहान करावा म्हटलें, तर नियंत्रक अक्षराअक्षरागणिक हेलकावे खातो व आवाज फाटतो.

प्रेषकास पुढें शक्तिवर्धक जोडलेला असला म्हणजे खरी भीति. जुने व्हॉल्व्ह असले आघात बहुधा सोसून नेत. ट्रान्झिस्टरचें तसें नाहीं. २० ऐवजीं १०० वॅट म्हणजे शक्ति पांचपट आणि विद्युद्दाब सुमारें सव्वादोन पट; एवढ्यानें आंतील पातळ थर फुटला तर तो पुन्हा सांधत नाहीं. संरक्षक योजना असली तर यंत्र वांचतें, पण पहिल्याच शब्दाला बंद पडतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी बिनतारी चालकांनीं संदेश पोंचविण्याचें काम केलें. तसल्या प्रसंगीं पहिल्या हांकेसच यंत्र मुकें झालें तर त्याचा उपयोग काय? शेजारच्या लहरींवर बोलणारांसही या उसळीचा उपद्रव होतो. लाटेचा माथा कापला जाऊन त्यांच्या कानीं फटाका उडाल्यासारखा आवाज येतो.

मौज अशी कीं, शक्तिमापकाचा काटा हें कांहींच दाखवीत नाहीं. तो हालेहालेपर्यंत उसळी संपलेली असते. लाटेचें चित्र काढणारा ऑसिलोस्कोपच तिला पकडूं शकतो.

ध्वनिग्राहकाचें वर्धन इतकें कमी ठेवावें कीं नियंत्रकास काम जवळजवळ उरूंच नये, हा पहिला व बिनखर्चाचा उपाय. नियंत्रकाची तार बाहेर काढलेली असल्यास तिच्यावर थोडा स्थिर ऋण दाब सतत देऊन ठेवितात. म्हणजे झडप आधींच अर्धी लावलेली असते. कांहीं नव्या यंत्रांत गणक आवाजाला क्षणभर थोपवून त्याची उंची आधीं मोजतो आणि मग सोडतो. पण आमचा विश्वास प्रेषक व वर्धक यांच्यामध्यें बसविलेल्या साध्या रोधकांच्या जोडणीवर अधिक आहे. प्रेषक पुऱ्या १०० वॅटवर चालवावा आणि या जोडणीनें वर्धकापर्यंत २० च जाऊं द्यावे. उरलेले ८० वॅट तेथेंच उष्णतेंत जातात. तेव्हां रोधक तेवढी उष्णता सोसणारे घ्यावे, त्यांस वारा लागेल अशी सोय करावी, आणि बोलणें चालू असतां त्यांस बोट लावूं नये.