सरपण : व्यायाम आणि मित्रांचे औदार्य
(बी. ए. भाग २)

आखाड्यात मुद्गल फिरविणाऱ्या माणसास आपण व्यायामपटू म्हणतो. सातपुड्याच्या पायथ्याकडून डोक्यावर मोळी घेऊन जळगाव जामोदच्या वाटेने येणाऱ्या बाईस मात्र कोणी तसे म्हणत नाही. वास्तविक दोघांपाशीही लाकूडच असते आणि घामही सारखाच गळतो. मग एकाच्या घामाला व्यायाम व दुसरीच्या घामाला काम असे नाव का पडावे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

वनपर्वातील सावित्रीचे आख्यान सर्वांच्या परिचयाचे आहे. मरणाच्या दिवशी सत्यवान रानात फळे व सरपण आणावयास गेलेला असतो. लाकडे फोडता फोडता त्याला घाम सुटतो आणि डोके दुखू लागते. हे डोके कशाने दुखले ते सांगताना महाभारतकारांनी जो शब्द वापरला आहे तो ‘व्यायाम’ हाच आहे. म्हणजे त्या काळी आखाड्यातील श्रम वेगळे आणि घरचे श्रम वेगळे, असा भेद या शब्दात नव्हता. तो मागाहून आला.

व्यायाम किती करावा, याचे उत्तर सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानी दिलेले आहे. आपल्या शक्तीच्या निम्मा करावा. ही निम्मी शक्ती ओळखायची कशी? तर श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की थांबावे. इतकी सोपी खूण हल्लीच्या पुस्तकातही क्वचित सापडेल.

आजचे शास्त्र हेच निराळ्या मापाने मोजते. स्वस्थ बसलेल्या माणसास दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक किलोकॅलरी लागते. या मापास ‘मेट’ म्हणतात. झपाझप चालण्यास याच्या साडेतीन-चार पट, तर जोर लावून लाकडे फोडण्यास सुमारे सहा पट शक्ती लागते. म्हणजे ५० किलो वजनाचा विद्यार्थी तासभर कुऱ्हाड चालवील तर ३०० किलोकॅलरी खर्च होतील. हवेवर वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ३५०० किलोकॅलरी उष्णता असते, हे लक्षात घेतले तर गंमत वाटते. आपली तासाभराची सारी मेहनत ८५-९० ग्रॅम लाकडात, म्हणजे मूठभर ढलप्यांत मावते! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला आहे. ज्या घरी चूल आहे त्या घरी हा हिशेब न करताच पुरा होतो.

परंतु लाकूड फोडणे म्हणजे नुसते बळ नव्हे. नवशिका माणूस दोन्ही हात दांड्याच्या टोकाशी घट्ट धरतो आणि खांद्याने घाव घालतो. पंधरा घावांत त्याचे हात भरून येतात. जाणता माणूस कुऱ्हाड उचलताना एक हात पात्याजवळ ठेवतो आणि ती खाली येताना तो हात दांड्यावरून सरकू देतो. घाव कुऱ्हाडीचे वजन घालते, माणूस फक्त दिशा देतो. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले हवेत, म्हणजे नेम चुकला तरी पाते नडगीवर न येता जमिनीत जाते. ओंडक्याला जेथे आधीच चीर गेलेली असते तेथे पहिला घाव द्यावा. गाठ असेल तर तिच्याशी झुंजू नये, तिला वळसा घालून कडेच्या ढलप्या काढाव्यात. अगदीच हटली तर पाचर ठोकावी. बाभूळ ओली असतानाच फोडलेली बरी, वाळल्यावर ती लोखंडासारखी होते. ओंडका उचलताना कमरेत न वाकता खाली बसून मांड्यांच्या जोरावर उठावे. बैठका काढणाऱ्या मुलांना हे निराळे शिकवावे लागत नाही. अमरावतीच्या ज्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली, त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखविले. जोर, बैठका, मुद्गल हे त्याच परंपरेतले. त्यातले निम्मे तरी सरपणाच्या ढिगाशी आपोआप घडते, असे मला वाटते.

आपल्या भागात जळणाचे प्रकारही पुष्कळ. डोंगराकडे धावडा, सालई, तेंदू, अंजन. खाली काळ्या रानात बाभूळ आणि कडूनिंब. धावडा चिवट म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरतात. पळस धूर फार करतो. मात्र शेतकऱ्याच्या घरचे खरे जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटाव्या लागतात. हा उपटण्याचा व्यायाम कुऱ्हाडीहून कठीण आहे, कारण त्यात प्रत्येक झाडासाठी कंबर वाकते. त्या भरभर पेटतात आणि भरभर विझतात, म्हणून स्वयंपाकात सारखे चुलीपाशी बसावे लागते. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, गॅस घरोघर आला, तरी आंघोळीचे पाणी आणि मोठा स्वयंपाक अनेक घरी अजून सरपणावरच होतो. येथे चुलीचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. घरातील धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी जे बोलतो आहे ते लाकूड जाळण्याविषयी नसून हाताळण्याविषयी आहे.

आता मित्रांविषयी. गेल्या उन्हाळ्यात वादळाने एका मित्राच्या शेताच्या धुऱ्यावरची जुनी बाभूळ उन्मळून पडली. आमच्या घरी पावसाळ्याचे सरपण भरलेले नव्हते आणि वडिलांना त्या वर्षी कुऱ्हाड धरणे शक्य नव्हते. मित्राने हे कोणाकडून ऐकले कोण जाणे. त्याने आपल्या वडिलांना विचारले आणि दुसऱ्या दिवशी वर्गातले चौघे बंडी घेऊन धुऱ्यावर हजर झाले. ते झाड विकले असते तर पैसे आले असते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. कुऱ्हाडी दोन आणि आम्ही पाच. एकाने वीस घाव घालायचे व दुसऱ्याच्या हाती कुऱ्हाड द्यायची, असा नेम आपोआप पडला. आमच्यातला एक गावातला, नोकरदाराचा मुलगा. त्याच्या तळहाताला पहिल्याच पाळीत फोड आले, तेव्हा त्याने रचण्याचे काम घेतले. त्याने लावलेली थप्पी अशी की मधून वारा खेळावा, पाणी वरून निथळून जावे. फोडणाऱ्यांपैकी एकालाही ती तशी जमली नसती.

संध्याकाळी आईने पैशाची गोष्ट काढली. झाडाचा मालक हसून म्हणाला, “काकू, पैशाचं नाव काढसान त लाकडं वापस नेतो.” मग रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. मराठी मुलखात इर्जिक म्हणून जी चाल आहे तिच्यातही हेच असते: गावकरी येऊन शेतात राबतात, मजुरी घेत नाहीत, जेवतात. फेड करावयाची ती पैशाने नव्हे, त्यांच्या वेळेला आपण जाऊन.

मला त्या दिवशी सुश्रुताच्या नियमाचा अर्थ कळला. निम्म्या शक्तीवर थांबावे हे खरे. पण कुऱ्हाड घेणारा दुसरा हात असेल तरच थांबता येते. सत्यवान रानात लाकडे फोडणारा एकटाच होता. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण सुदाम्याला सांदीपनींच्या आश्रमातली आठवण देतो तीही सरपणाचीच: गुरुपत्नीने दोघांना लाकडे आणावयास पाठविले, अवेळी वादळ-पाऊस झाला आणि दोघे एकमेकांचा हात धरून रात्रभर रानात फिरले. सुदाम्याने चोरून हरभरे खाल्ल्याची लोककथा भागवतात नाही. तेथे आहे तो फक्त धरलेला हात.

म्हणून मोळीवाल्या बाईचे काम व्यायाम ठरत नाही, याचे कारण मला लाकडात नाही तर थांबण्यात दिसते. वीस-पंचवीस किलोची मोळी एकदा डोक्यावर आली की वाटेत धाप लागली तरी ती खाली टाकता येत नाही. टाकली तर पुन्हा डोक्यावर देणार कोण? बाया म्हणूनच एकट्या जात नाहीत. “हात लावजो वं बाई,” म्हणत एक दुसरीला मोळी उचलून देते. शेवटी राहिलेली बाई आपली मोळी दगडावर किंवा फांदीच्या बेचक्यात उभी करून तिच्याखाली डोके घालते, चुंबळ सावरते आणि मानेच्या जोरावर उठते. ही शेवटची जागा रोज पाळीने घेतात, असे मी या बायांकडून ऐकले आहे.

आमच्या पाचांपैकी एकाच्या घरी येत्या वैशाखात लग्न आहे. पंगतीच्या भट्टीचे जळण आम्हीच फोडणार आहोत. कुऱ्हाडी तीन झाल्या आहेत, चौथीचा दांडा धावड्याचा मिळाला तर पाहतो आहोत.